पाचवा हात

हात पहिल्यांदा ताईला दिसला. कापसाचा बोळा औषधात बुडवून ती चित्रातल्या बाबांच्या कोटाच्या खांद्यावरचं जुनं, पिवळं पडलेलं व्हार्निश उतरवत होती, आणि कोटाच्या राखाडी रंगातून चार बोटं वर आली. तिला आधी वाटलं, डाग आहे. मग करंगळी दिसली. डागाला करंगळी नसते.

ती दोन पावलं मागे सरली. चित्रात माणसं दोनच होती, बाबा आणि आई. दोघं दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलेले, हात आपापल्या मांडीवर. मागे बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा जाड पडदा. मोजून चार हात. हा पाचवा होता, आणि तो मागून येऊन बाबांच्या डाव्या खांद्यावर अगदी आरामात टेकला होता.

गेले चार दिवस दादाच्या घराची मागची खोली ताईने अडवली होती. टेबलावरचं सगळं उचलून तिने तिथे बाटल्या, बोळे आणि कोळ्याच्या पायांसारखा दिवा मांडला होता. बाबांचं चष्म्याचं दुकान आता मोठ्या जागेत जात होतं. उद्या सकाळी अकरा वाजता ती जागा उघडणार, आणि उघडताना समोरच्या भिंतीवर जुन्या दुकानातलं हे तैलचित्र हवं, असं दादाने जाहीर करून टाकलं होतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्यांच्याशिवाय दुकान उघडायची दादाची अजून छाती होत नव्हती.

"झालं का?" दादाने दारातून विचारलं.

"थोडं वाढलंय," ताई म्हणाली.

"काम?"

"नाही. चित्र."

दादा आत आला. दिवसभर तो लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचा, स्वतःला मात्र जवळचं काही बघायचं झालं की चष्मा कपाळावर सारायचा. त्याने चष्मा सारला, नाक बाबांच्या खांद्याला लागेल इतकं जवळ नेलं आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"हे पुसून टाक," शेवटी तो म्हणाला.

"वरून पडलेलं असतं तर पुसलं असतं. हे खालून आलंय."

"खालून म्हणजे?"

"चित्रकाराने आधी हात काढला होता. मग त्यावर कोट रंगवला. आता कोटाचा रंग विरळ होत गेला, म्हणून खालचा हात दिसायला लागला. इतकी वर्षं व्हार्निशच्या पिवळेपणात लपून गेला होता."

दादाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, याचा फोटो काढू आणि मोठा प्रिंट करून घेऊ. प्रिंटला हात फुटत नाहीत."

इथे ताई भडकली. शाळेत सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवून ती नुकतीच जुनी चित्रं दुरुस्त करायच्या कामाला लागली होती, आणि तैलरंगाबद्दल कुणी वाकडं बोललं की तिच्यातली मास्तरीण जागी व्हायची.

"तुझा प्रिंट चार वर्षांत निळा पडेल. हे चित्र आपल्या सगळ्यांच्या पाठीमागे उरणार आहे. तैलरंग पटकन वाळत नाही, हाच त्याचा मोठा गुण. आठवडा आठवडा ओला राहतो. आज नाक काढलं, उद्या नाही आवडलं, फडक्याने पुसलं, परवा दुसरं काढलं. माणसाला चुकायला सवड मिळते. वाळला तरी वरून दुसरा थर देता येतो, त्यावर तिसरा. बाबांचा गाल बघ, आत दिवा लावल्यासारखा दिसतोय. ते थर आहेत. जलरंगात एकदा चुकलास की कागद फेकून द्यायचा."

"फायदेच फायदे," दादा म्हणाला. "आणि तोटा?"

"वरचा थर पातळ असला तर झाकलेलं कधीतरी वर येतं."

"हे आधी सांगायचं."

"कधी? बावन्न वर्षांपूर्वी? माझा जन्म व्हायचा होता!"

आवाज ऐकून वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली. दादाच्या या बायकोने तीस वर्षांत या घराच्या बऱ्याच भांडणांत चहा आणून दिला होता, आणि चहा ठेवून परत गेली असं एकदाही झालं नव्हतं. तिने ट्रे ठेवला, चित्राकडे पाहिलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: सासरे इतके सज्जन होते की मला नेहमी संशय यायचा.

"बाईचा हात आहे," ती म्हणाली.

"कशावरून?" दादा दचकला.

"बोटं बघा ना. आणि करंगळी? कशी नखऱ्याने बाहेर काढलीय. घरातली कामं करणाऱ्या बाईची करंगळी अशी नसते."

"हळू बोल. आई बाहेर आहे."

आई पुढच्या खोलीत टीव्ही बघत होती. ती ऐंशीची होती आणि तिला बरंच कमी ऐकू यायचं. कानातलं मशीन ती मनात येईल तेव्हाच घालायची, त्यामुळे तिने काय ऐकलं आणि काय नाही, हे घरात कुणालाच कधी नक्की सांगता येत नसे.

"बाई वगैरे काही नाही," दादा घाईघाईने म्हणाला. "काकांचा हात आहे तो. मला आठवतंय. बाबा बसलेत आणि मागे काका उभे आहेत."

"तुम्हाला आठवतंय?" वहिनी म्हणाली. "तेव्हा तुम्ही चार वर्षांचे होता. परवा दुकानाच्या चाव्या फ्रीजमध्ये ठेवल्यात, ते आठवत नव्हतं."

ताईला काकांची गोष्ट पटण्यासारखी वाटली. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. सुरुवातीला दोघं एकाच काउंटरमागे बसायचे. मग काहीतरी बिनसलं, आणि काकांनी रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, स्वतःचं चष्म्याचं दुकान टाकलं. दोन्ही दुकानांतून एकमेकांची गिऱ्हाइकं स्पष्ट दिसायची. काका पुढे वारले, पण ते दुकान त्यांच्या मुलांनी चालू ठेवलं होतं. उद्या ती मुलंही येणार होती. दादाने स्वतः जाऊन बोलावलं होतं, आणि बोलावून आल्यापासून त्याला नीट झोप नव्हती.

"म्हणजे बाबांनी भांडण झाल्यावर काकांना चित्रातून काढून टाकलं," ताई हळूच म्हणाली. तिला ते आवडलं नाही. लहानपणी बाबा तिला उचलून याच चित्रासमोर धरायचे आणि विचारायचे, सांग, कोटात किती रंग आहेत? ती राखाडी म्हणायची. मग ते एकेक दाखवायचे, इथे निळा, इथे जांभळा, इथे थोडासा हिरवा. त्या कोटाने तिला चित्रकलेत ढकललं होतं. त्याच कोटाखाली बाबांनी सख्ख्या भावाला पुरून ठेवलं असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एवढ्यात वकील आला. हा सगळ्यांत धाकटा. खरोखरीचा वकील तो पुढे झाला, पण घरात त्याला आठव्या वर्षापासून वकीलच म्हणत, कारण त्याने कुठलीही गोष्ट कधी कबूल केली नव्हती. उद्याचं भाषण दादाला वाचून दाखवायला तो आला होता. भाषण खिशातच राहिलं. त्याने हात पाहिला, तिघांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि खोलीत येरझारा घालू लागला.

"दादा, तुझं म्हणणं, हात काकांचा."

"शंभर टक्के."

"ठीक. उद्या काकांची मुलं येतील. चित्रासमोर उभी राहतील. आपल्या बापाचा हात तुझ्या बापाच्या खांद्यावर बघतील. मग चार लोकांत काय म्हणतील?"

दादाने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"म्हणतील, बघा. दुकान दोघांचं होतं. आमच्या बाबांना आधी चित्रातून पुसलं, मग दुकानातून. हे सगळं ते तुझ्याच दुकानात, तुझंच सरबत पीत म्हणतील. आणि पुढची वीस वर्षं रस्त्याच्या पलीकडून म्हणत राहतील."

दादाचा चेहरा हळूहळू उतरला. त्याने चष्मा वर केला, हाताकडे पुन्हा पाहिलं आणि घसा खाकरला. "आता नीट बघितल्यावर," तो म्हणाला, "मला वाटतं, बाईचाच आहे."

"काय?" वहिनी ओरडली.

"बोटं बघ ना. आणि करंगळी."

"म्हणजे बाई असली तर तुम्हाला चालेल?"

"चालेल असं नाही. पण काकांपेक्षा परवडली. तिची मुलं काही समोर दुकान टाकून बसलेली नाहीत."

वहिनीने ट्रेवरचा दादाचा कप उचलला आणि ताईच्या हातात दिला. या घरात बाजू बदलल्याची तेवढी खूण पुरे होती. पाच मिनिटांपूर्वी बाईचा शोध तिनेच लावला होता, हे ती साफ विसरली. आता तिला फक्त सासूबाई दिसत होत्या, बाहेर टीव्हीसमोर बसलेल्या, काही कल्पना नसलेल्या.

"काकांचाच हात आहे," ती ठामपणे म्हणाली. "सासऱ्यांवर असला आरोप मी ऐकून घेणार नाही."

"आरोप तूच केलास!"

"मी शंका घेतली. तुम्ही समाधान मानलंत."

वकिलाला हे वाक्य आवडलं. त्याने मान डोलावली आणि वहिनीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, मग आपण आत्ताच काकांच्या विरुद्ध बोललो हे आठवून परत खोलीच्या मध्यावर आला.

"हात कुणाचाही असो," तो म्हणाला. "उद्या अकरापर्यंत तो दिसता कामा नये. ताई, वरून रंग मार."

"मारते. वाळायला आठवडा लागेल."

"आठवडा?"

"आत्ताच सांगितलं ना, पटकन वाळत नाही."

"तो मोठा गुण होता," दादा कडवटपणे म्हणाला.

"ओलं चित्र लावलंत तर येणाऱ्या प्रत्येकाच्या बाहीला बाबा लागतील."

मग सूचना सुरू झाल्या. दादाने पंखा लावून बघू म्हटलं. वहिनीने समोर फुलदाणी ठेवू म्हटलं, पण खांद्याच्या उंचीपर्यंत पोचायला फुलदाणी कपाटावर चढवावी लागली असती. "चित्राला हात लावू नये" अशी पाटी बरोबर त्याच जागी चिकटवावी, असं वकिलाने सुचवलं, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर तो स्वतःच खाली बघायला लागला. ताई हसत नव्हती. ती हातातला बोळा पिळत म्हणाली, "मी झाकणार नाही. ज्याने कुणी तो हात ठेवला असेल, त्याला एकदा झाकलंय. पुन्हा मी नाही."

"मग काय, असाच लावायचा?"

"कुणाचा आहे ते आधी कळू दे."

"कोण सांगणार? चित्रकार गेला, बाबा गेले, काका गेले."

दार ढकललं गेलं. वकिलाने टेबलाखाली पडलेली चादर झटकन उचलून चित्रावर टाकली, आणि चौघंही कुणी फोटो काढत असल्यासारखे ताठ उभे राहिले.

आई दारात उभी होती. तिच्या कानात मशीन होतं.

"तुम्ही इतकं हळू बोलत होतात," ती म्हणाली, "म्हणून घातलं. एरवी तुम्ही ओरडता, तेव्हा गरज पडत नाही."

"आई, आम्ही उद्याच्या सरबताबद्दल..." दादाने सुरुवात केली.

"चादर काढ."

वकिलाने दादाकडे पाहिलं, दादाने वहिनीकडे. वहिनीने पुढे होऊन चादर काढली. आई जवळ गेली. थोडी मागे आली. पुन्हा जवळ गेली. ताईच्या मनात आलं, या वयात, पन्नास वर्षं नांदवलेल्या संसारावर असा हात उगवावा!

"अगं बाई," आई म्हणाली. "हा माझा हात आहे."

"आई," वकील अगदी हळुवारपणे म्हणाला, "तुझे दोन्ही हात मांडीवर आहेत."

"ते नंतरचे. हा आधीचा." तिने उजवा हात वर केला. करंगळी इतर बोटांपासून लांब, जरा वाकडी उभी राहिली. "लहानपणी दारात चेमटली. तेव्हापासून सरळ होत नाही. बघ, आहे का तशीच?"

चौघांनी हाताकडे पाहिलं, मग चित्राकडे. वहिनी लाल झाली. नखऱ्याची करंगळी म्हणालेलं सासूबाईंनी ऐकलं की नाही, या विचाराने तिला घाम फुटला. आईने तिच्याकडे पाहिलंही नाही, त्यावरून ऐकलं असावं, हे तिने ओळखलं.

"पण मग तू उभी होतीस?" ताईने विचारलं.

आईने खुर्ची मागितली, बसली, आणि ताईच्या हातातला दादाचा चहा घेतला.

"दर रविवारी चित्रकाराच्या खोलीवर जायचो आम्ही. त्याने विचारलं, साहेब खुर्चीत बसतील, बाईंना कसं घेऊ? तर तुमचे बाबा घड्याळात बघत म्हणाले, 'हिला काय, कुठेही उभी करा.' मग त्याने मला मागे उभी केली, हात खांद्यावर. चार रविवार मी उभी. उभं राहिलं की डोकं चालायला लागतं, दुसरं काम नसतं. चौथ्या रविवारी माझ्या मनात आलं, दुकानात मी दिवसभर उभी, घरी ओट्याशी उभी, आणि आता चित्रातसुद्धा मेल्यावरही उभीच? पाचव्या रविवारी हात काढला आणि म्हटलं, खुर्ची आणा."

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार! चित्रकार म्हणाला, बाई, सगळा रंग वाळलाय. मी म्हटलं, मग वरून द्या. तो म्हणाला, नशीब तुमचं, तैलरंग आहे. त्याने खुर्ची काढली, मला बसवलं, आणि जिथे मी उभी होते तिथे पडदा ओढून टाकला. असला पडदा त्याच्या खोलीत नव्हता, आपल्याकडे तरी कधी होता का?"

नव्हता. बावन्न वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"त्या पडद्यामागे मी उभी आहे," आई म्हणाली. "अजून."

दादा पहिल्यांदा हसला, मग वकील, आणि बघता बघता वहिनीही. काका सुटले, बाई सुटली, उद्याची सकाळ सुटली. वकील तर म्हणाला, हे भाषणात घालतो. ताई तेवढी हसत नव्हती. ती दिवा वाकवून चित्राच्या पृष्ठभागावर आडवा उजेड पाडत होती.

"काहीतरी चुकतंय," ती म्हणाली.

"आता काय?" दादा हवालदिल झाला.

"पडदा बघ. सुरीने थापल्यासारखा जाड आहे. आईची खुर्ची तशीच. या माणसाला झाकायचं कसं ते चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर आईचा चेहरा कुठूनही वर आला नाही. फक्त खांद्यावर," तिने बोट फिरवलं, "फक्त हातावर चहासारखा पातळ रंग दिलाय. जेमतेम झाकण्यापुरता. असं चुकून होत नाही. हे मुद्दाम केलंय."

आईचा कप ओठांपाशी थांबला.

"शेवटच्या दिवशी ते एकटेच गेले होते," ती सावकाश म्हणाली. "मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, खांद्याचं थोडं काम राहिलंय. आले ते कोटाच्या कोपराला राखाडी रंग लावून. मी म्हटलं, बसल्या जागी कोपराला रंग कसा लागला? तर म्हणाले, जवळ उभं राहून सांगावं लागतं." ती थांबली. "तो डाग निघेना. आठवडाभर मी बोलत होते त्यांना."

दादा चित्राजवळ सरकला.

"रोज दुकान उघडलं की बाबा काउंटरवरचं भिंग घेऊन चित्रापाशी जायचे. अगदी शेवटपर्यंत. मी एकदा विचारलं, काय बघता? म्हणाले, वाळलं का बघतोय. मला वाटलं, थट्टा करतायत."

आईने कप खाली ठेवला. ती बाबांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिच्या तिन्ही मुलांना नीट वाचता येईना. ताईला वाटलं, ती आता रडेल. वहिनीला मात्र तो चेहरा ओळखीचा होता. नवऱ्याने डबा दुकानात विसरल्यावर तिचा स्वतःचा असाच होतो.

"तुम्ही जरा बाहेर जा," आई म्हणाली.

"आई, औषधांचा वास आहे इथे, तुला त्रास..."

"बाहेर जा. आणि दार लावून घ्या."

चौघं पॅसेजमध्ये आले. वहिनीने दार ओढून घेतलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. आईला स्वतःचा आवाजही कमी ऐकू यायचा, त्यामुळे तिला खाजगीत बोलणं जमतच नसे.

"बावन्न वर्षं!" आतून ऐकू आलं. "बावन्न वर्षं तोंडाने सांगायला काय झालं होतं? हात राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मी काय खाणार होते तुम्हाला?"

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा, तेवढा वेळ.

"काढायला लावला तेव्हा मला काय वाईट वाटलं नव्हतं? दुसऱ्याच दिवशी वाटलं होतं! पण तुम्ही विचारलंत का? भिंगातून बघत बसलात. आणि तो कोट! तीन वेळा धुतला मी तो कोट!"

ताई भिंतीला टेकून खाली बसली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि दोन्ही एकदम आवरता येत नव्हतं. वहिनीने दादाचा हात धरला. त्याने चहाच्या कपाचा विषय काढला नाही.

वकिलाने घड्याळात पाहिलं. "किती वेळ चालेल?" त्याने हळूच विचारलं.

"बाबा मध्ये काही बोलणार नाहीत," दादा म्हणाला, "त्यामुळे वेळ लागेल."

आणि आतून, आईने खुर्ची चित्राच्या आणखी जवळ ओढून घेतल्याचा आवाज आला.